बंदुकीच्या राखणीला

लायनेलची बंदूक मेलेली होती. नळीत पोलादाचा गज ठोकलेला. तिच्यातून गोळी सुटणं या जन्मी शक्य नव्हतं. पण रस्त्यावरच्या माणसाला ते काय कळणार? म्हणून ती कुलूपबंद पेटीत, वर घोंगडी टाकून न्यायची. वाटेत पेट्रोलपंपावर पेटीला हातसुद्धा लावायचा नाही. मेळ्याच्या मैदानात पोचलं की मगच जुन्या लष्करी जीपच्या खाचेत बसवायची, साखळीनं जखडायची. सोबत निकामी केल्याचा दाखला. आणि बंदूक बाहेर असेतो कुणीतरी जीपपाशी हवंच.

या शेवटच्या नियमानं ऑड्रीची तीस वर्षं खाल्ली. इंग्लंडात लिंकनशायरला भरणाऱ्या जुन्या लष्करी गाड्यांच्या त्या मेळ्यात नवराबायको जोडीनं कधी फिरलेच नाहीत. तो गेला की ती राखणीला, ती गेली की तो. ती जायची ती फार तर चहाच्या तंबूपर्यंत. मैदानाच्या पार टोकाला पोचायचा तो, आणि तिथल्या दुकानातून तिच्यासाठी ब्रेड पुडिंगचा तुकडा आणायचा. "पुढच्या वर्षी दोघं जाऊ," हे दरवर्षीचं.

फेब्रुवारीत लायनेल वारला. जूनमध्ये ऑड्रीनं एकटीनं जीप आणली. ते पलीकडचं टोक एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिला हवं होतं. पण बंदूक जखडून झाली आणि तिचा पाय निघेना.

"जा की तू, मी बसतो," शेजारच्या ट्रकचा मालक क्लेमंट म्हणाला. "तीस वर्षांत कधी विचारलं नाहीत तुम्ही. नाहीतर तासभर पेटीत घालून कुलूप लावायचं. कुणी अडवलं होतं?"

"लायनेल म्हणायचा, बंदुकीशिवाय जीप म्हणजे बोळका म्हातारा."

"आणि स्वतः कवळी घालून हिंडायचा."

ऑड्रीला हसू आलं. तिनं दाखला क्लेमंटच्या हाती दिला आणि निघाली.

दुकान सापडलं. पुडिंग कापणाऱ्या बाईला तिनं लायनेलचं वर्णन सांगितलं.

"मिशीवाला ना? दरवर्षी यायचा. एक तुकडा घ्यायचा आणि त्या खांबापाशी दहा-दहा मिनिटं उभा. मी एकदा म्हटलं, अहो, रणगाडे तुमच्या मागे आहेत, बघताय काय? तर म्हणाला, इथून माझी बायको दिसते."

ऑड्री पुडिंग घेऊन खांबापाशी गेली. खरंच दिसत होतं. हिरवी जीप, खाचेतली बंदूक, शेजारी तिची घडीची खुर्ची आणि खुर्चीत पेंगणारा क्लेमंट.

त्या खुर्चीत आपण असावं आणि इथे तो, असं तिला फार वाटलं. जोडीनं फिरायचं तर राहूनच गेलं होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तरी ती खांबापाशीच उभी होती.