कमानीवरची काच

काचेची पट्टी बोटाएवढीच, आणि ती मधोमध तडकली होती. कुंदाबाई खाली उभी राहून बघत होती, हातात जळमटं काढायचा लांब बांबूचा झाडू — चर्चमधल्या वेदीपुढच्या कमानीला गेलेल्या भेगेवर सरदारभाऊ मिस्तरीने ती पट्टी आडवी बसवली तेव्हा बजावलं होतं, "अक्का, काच फुटनी म्हणजे भीत हालनी. मंग कोनले आत येवू देवानं नही."

भिंतीने फोडली, की या झाडूने? कमानीवरून झाडू फिरवताना टक् असं काही वाजलं का... वाजलं असतं तर मला ऐकू आलं असतं ना? पण मन होतं कुठे थाऱ्यावर. उद्या याच कमानीखाली मयुरीचं लग्न, माझ्या एकुलत्या एका पोरीचं, आणि पिंपळनेरचं वऱ्हाड, सारा गाव, बाकांवर दाटीवाटीने...

चर्च बांधलं तेव्हा तिचा आजा, वना, पोरवयात बैलाच्या घाणीवर चुना मळायला होता. भिंत घट्ट धरावी म्हणून चुन्यात गूळ पडायचा, बेलफळाचा गर पडायचा. दुष्काळाचं वर्ष — म्हातारा हसत सांगायचा, "आर्धा गूळ भीतमा, आर्धा आमना पोटमा." घरात सगळे हसायचे. तिनेही ही गोष्ट मयुरीला कौतुकाने सांगितलेली. आज हसू येईना. कमान नेमकी त्याच दिवसांत चढली असेल तर? भुकेल्या पोरांना कोण पापी म्हणेल — पण भिंतीला भूक कळते का?

सांगितलं तर फादर दाराला कुलूप लावतील. लग्न शाळेच्या ओट्यावर होईल, आणि सासरची माणसं जन्मभर म्हणतील, हिच्या पायगुणाने देवाचं घर बंद पडलं. नाही सांगितलं तर... नवरी उभी राहते तिथे ती जाऊन उभी राहिली. वर बघवेना.

आतल्या खोलीतून चपला वाजल्या. "कुंदाबाई, झालं का झाडून?"

"हुई गयं, फादर."

देवा, माझ्याच हातून फुटलेली असू दे. जन्मात पहिल्यांदा तिने स्वतःची चूक मागून घेतली. आणि मागता मागता तो टक् आवाज तिला आठवू लागला, आधी पुसट, मग स्वच्छ, बांबूला बसलेल्या हिसक्यासकट. फादर वर बघतील, विचारतील, आणि तोंडून सहज निघेल — काच मीच फोडी.

चपला जवळ आल्या. आता तिला कमानीपेक्षा मागून आठवलेल्या त्या टक् आवाजाची भीती वाटत होती.