डाव्या बाजूचा खिसा

चेनीचं पितळी टोक मायच्या दोन बोटांत होतं. ती ते वर ओढत होती, खाली ओढत होती, दुकानात नव्या मालाचा पोत पाहावा तशी, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. कोट रुद्राणीच्या अंगावर होता. गंगाखेडमधल्या घराच्या अंगणात, सकाळी नऊच्या उन्हात, उणे तीस अंशांसाठी शिवलेला गुडघ्याखालपर्यंतचा कोट घालून ती उभी होती आणि तिच्या पाठीवरून घामाचा एक ओघळ सरळ खाली चालला होता — कारण चहा पिताना माय म्हणाली होती, घालून दाखव.

"फीर," माय म्हणाली.

ती फिरली. चाळिसाव्या वर्षी, परगावच्या पाहुण्यांसमोर उभी केल्यासारखी.

"खांदा बरा बसलाय. कंबर कुठंय?"

"पट्टा आहे ना, माय."

"पट्टा हाय म्हनून कंबर होतीय व्हय."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वैजयंती, तिची भावजय, पदराआड हसली. हसू दे. हिनं थंडी पाहिलीय कुठली… परभणीची थंडी म्हणजे कानटोपी आणि बिनबाह्यांचा स्वेटर, दहा वाजता काढून खुंटीला. रुद्राणीला विनिपेगचा पहिला हिवाळा आठवला, सुरळी करून बांधलेल्या गादीसारखी ती बसथांब्यावर उभी राहायची, सगळीच तशी उभी असत, काळी बोचकी ओळीनं ठेवल्यासारखी, बाई कुठली आणि बाप्या कुठला तेही कळू नये — आणि मग तिनं हट्टानं शिकून घेतलं. अंगावर फुगीर वस्तू एकच, बाकी सगळं अंगालगत. पट्टा कमरेच्या चार बोटं वर. गळपट्टा कोटाच्या आत, बाहेर नाही. तोंडाजवळ रंग हवा, नाहीतर बर्फाच्या उजेडात माणूस आजारी दिसतं. हा कोट तिनं वांगी रंगाचा घेतला होता आणि ऑफिसात दोघींनी तो कुठून घेतला म्हणून विचारलं होतं. पण हे डोळे तिला कुणी दिले? कापडाच्या दुकानात अप्पा गादीवर बसून नुसती घडी मोडायचे. कुणाला काय खुलेल ते माय आतल्या दारातून एका नजरेत ठरवायची, आणि ती नजर लहानपणापासून रुद्राणीच्या फ्रॉकवर, दंडांवर, चालण्यावर पडत आलेली… तिला ती नको होती. तीच नजर घेऊन ती परदेशातल्या बसथांब्यावर लोकांना नापास करत उभी राहायची.

"आत काय भरलंय?" मायनं बाही दाबून पाहिली.

"कापूस."

"कापूस एवढा हलका आस्तोय?"

"तिकडचा कापूस आहे."

कापसाच्या मुलखात जन्म काढलेल्या बाईला कापसाबद्दल खोटं सांगायचं. पण बदकाची पिसं म्हणून कसं सांगणार? ज्या घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही, त्या घराच्या अंगणात शंभर मेलेली पाखरं अंगावर घेऊन मी उभी आहे, असं? मायनं पुन्हा बाही दाबली. सोडली. बाही हळूहळू फुगून पहिल्यासारखी झाली. माय ती फुगताना बघत राहिली.

मग तिचा हात कोटाच्या आत गेला, डावीकडे, छातीपाशी. तिथं खिसा नव्हता.

"इष्टलिंग कुठंय तुझं? गळ्यात दिसंना."

"बॅगेत. तिकडं थंडीत चांदीची डबी अंगाला चटका देते. म्हणून कोटात ठेवते. मागे सांगितलं होतं तुला."

"ह्याला खिसाच न्हाई आतून."

"आहे. उजवीकडे."

"उजवीकडं," माय म्हणाली. एवढंच. कोट उतरवायला मदत केली, हातावर घेतला, वजन केल्यासारखा वरखाली हलवला आणि आत गेली.

तो शेवटचा साधा दिवस होता. दुपारी प्रवासाच्या झोपेनं रुद्राणी चार तास मेल्यासारखी पडली. संध्याकाळी मायच्या हातची शेंगदाण्याची चटणी जास्त तिखट झाली म्हणून ती कुरकुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी माय आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून लिंगपूजेला बसली, डाव्या तळव्यावर लिंग घेतलेलं, आणि तशीच बाजूला कलंडली.

लोकांना तेच फार आवडलं. किती पुण्याचं मरण, शिवकांतच्या खांद्यावर हात ठेवून जो तो म्हणत होता, आणि शिवकांत, तिचा भाऊ, दुकानातल्यासारखी मान हलवत होता. मायला बसवून नेलं, बसलेलीच खड्ड्यात उतरवली, स्वामींनी तिच्या डाव्या तळव्यात लिंग ठेवलं, वर बेलाची पानं, मग भस्म, मग माती. बारशाला मिळालेलं लिंग शेवटपर्यंत अंगावर. रुद्राणी कडेला उभी होती, मायचा लोकरी स्वेटर घालून, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून. ऊन रणरणत होतं. "इकडं बी थंडी वाजती का गं तुला," एका म्हातारीनं विचारलं. त्या क्षणी तिला त्या म्हातारीला खड्ड्यात ढकलावंसं वाटलं होतं, अगदी स्पष्ट.

तिचं लिंग दोन वर्षांपूर्वी गेलं. एक निळा कोट होता, जाड, बेढब, पहिल्या हिवाळ्यातला — त्याच्या आतल्या डाव्या खिशात चांदीची डबी असायची, छातीपाशी गरम. हा वांगी कोट घरात आला त्याच दिवशी तिनं निळा नेऊन दान घ्यायच्या लोखंडी पेटीत टाकला, घाईनं, कुणी पाहील तर काय म्हणेल एवढा तो वाईट होता. चार दिवसांनी आठवलं. पेटी रिकामी. चार दिवस आठवलंसुद्धा नाही. बारशाला, तिला अजून धड नावही नव्हतं तेव्हा, मायनं स्वतःच्या हातानं दोरा बांधला होता. लिंग हरवलेल्या माणसाला जुनी माणसं जिवंत धरत नाहीत, आणि फोनवर माय दर सोमवारी विचारायची, पूजा झाली का गं. झाली, माय.

आज बारावा दिवस. उद्या परतीचं विमान. कपाटातून कोट काढला तेव्हा बोटाला काहीतरी टोचलं.

आतल्या अस्तराला डावीकडे खणाच्या कापडाचा एक खिसा शिवलेला होता, हिरवा, जांभळ्या काठाचा. तीन बाजूंनी शिवायचा, तर दीडच बाजू झालेली. टाके बारीक, एकसारखे, मायचे. सुई दोऱ्यासकट तिथंच खोचलेली. आणि सुईनं पडलेल्या एका भोकातून पांढरं पीस अर्धं बाहेर आलेलं.

ती पलंगावर बसली.

कासाबाई दूध घेऊन आली होती. गावाबाहेर शेळ्यामेंढ्या राखणारी, मायच्याच वयाची, रोज अंगणात घटकाभर बसून जाणारी. रुद्राणी कोट घेऊन बाहेर आली.

"हे शिवताना तुम्ही होता का, कासाबाई?"

"व्हते की. तू झोपली व्हतीस. पोरगी निष्काळजी हाय, उजवीकडं ठिवती म्हनं, पडंल म्हनली. जाड सुई माझ्याकडूनच घेतली."

"मग अर्धं का सोडलं?"

"काय की बाई. एक पीस उडालं, तिच्या हातावर बसलं. लय येळ बघत बसली त्याच्याकडं. मी म्हनलं, गंगम्मा, हे तर पाखराचं हाय. तर काय न्हाई म्हनली. फुंकर घातली, सुई खोचली आन् म्हनली, उद्या करते."

"रागात म्हणाली?"

"मान खाली घातली व्हती तिनं, आन् मला दिसत न्हाई आता धड, तिचं तोंड कुठून बगू? डोळे तिचे बी दुखायलेच व्हते." कासाबाईनं भांडं उचललं. "कशाला इचारायलीस? गेली बिचारी."

उद्या करते. कळलं होतं तिला? पीस कळलं, म्हणजे कापूस कळला, म्हणजे उजवीकडच्या खिशाचं खोटंही कळलं असणार, ती कापडातला एक धागा निसटलेला ओळखायची… की नुसते डोळे दुखले? आणि कळलं असेल तर त्या रात्री ताटात चटणी वाढताना ती काही का बोलली नाही? आयुष्यभर माझ्या बाहीची लांबी काढलीस, आणि एकदाच बोलायचं तेव्हा गप्प बसलीस. मला राग येतोय, माय. मला तुझा अजूनही राग येतो, हे किती वाईट आहे.

ऊन तेच होतं, नऊचं. तिनं कोट घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली, पट्टा चार बोटं वर बांधला. बारा दिवसांपूर्वी उभी होती तिथं उभी राहिली. सुई तिनं काढली नव्हती. श्वास घेतला की ती डावीकडे बारीक टोचत होती.

मग ती फिरली, एकदा, सावकाश, कुणीही न सांगता.

"कापूस न्हाई त्यात, माय," ती मोठ्यानं म्हणाली, वीस वर्षांत न बोललेल्या बोलीत. "पिसं हायती. आन् लिंग न्हाई माझ्याकडं. जुन्या कोटासंगं देऊन टाकलं. लय बोजड दिसत व्हते मी त्यात."

दारात वैजयंती आली. "काई म्हनलाव का, आक्का?"

रुद्राणीनं बाही दाबली, सोडली, आणि ती पुन्हा फुगेपर्यंत बघत राहिली.

"हो," ती म्हणाली.