इंजिनाखालचं जाजम

जीप गिअरमध्ये टाकली की इंजिन असं उसळायचं, की वाटावं त्याला जीप सोडून एकट्यालाच कुठेतरी जायचंय. अनारकानने बरेच दिवस ते चालवून घेतलं. जीप जपानहून आली तेव्हाच म्हातारी होती, आणि म्हाताऱ्या माणसाने उठताना जरा कण्हलं तर त्याला कोण बोलतं? पण मागच्या आठवड्यात घाटात ऐन चढावर इंजिन एवढं पुढे झुकलं की पंखा रेडिएटरला घासला. तिने जीप कशीबशी डोंगराच्या अंगाला लावली. 

"माउंटिंग गेलंय, वहिनी," तिचा धाकटा दीर तुरार दुसऱ्या दिवशी बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला. "इंजिन ज्या रबरावर बसतं ना, ते. डाव्या बाजूचं तर नक्कीच."

आत-बाशी गावात गाड्यांचा कारागीर एकच, आणि लग्नसराईत तो शुद्धीवर नसतो. नवरा रशियात बांधकामावर. बिश्केकहून येणाऱ्या टॅक्सीतून नवी माउंटिंग आली तशी अनारकानने नवऱ्याची जुनी विजार चढवली आणि अंगणातच काम काढलं. परवा कुरणावर चढायचं होतं, आणि दर उन्हाळ्यासारखं सेईलला बरोबर घेऊन.

जीप आधी सेईलचीच. शरदात अनारकानने आपली दुधाची घोडी दिली आणि जीप घेतली. दोघी कुर्दाश, म्हणजे एका वयाच्या. त्यात एकाच गल्लीत सुना होऊन आलेल्या. कुर्दाशने कुर्दाशला काय वाटेल ते बोलावं, नवऱ्यावरून, नाकावरून, स्वयंपाकावरून. त्याचा राग धरायचा नसतो. फक्त फसवायचं नसतं. जीप देताना सेईल म्हणाली होती, "हिच्या इंजिनाला अजून परक्याचा हात लागलेला नाही. तुझ्यापेक्षा सोवळी आहे." तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

"जॅक थेट तेलाच्या चेंबरला लावू नका हं, वहिनी. पत्रा आत जाईल," तुरार गाडीखालून म्हणाला.

"लाकडाचा ठोकळा ठेवलाय, भावजी. तुम्हाला बायको नव्हती तेव्हापासून मी जॅक लावतेय."

"म्हणूनच दादा रशियात पळाला."

"तुम्ही पाना धरा. तोंड मोकळं राहिलं तरी चालेल."

बोल्ट गंजले होते. रॉकेल ओतून, थांबून, पान्याच्या दांड्यात पाइप घालून दोघांनी ते एकेक करून सोडवले. इंजिन जॅकवर बोटभर वर आलं, आणि तुरारने डाव्या बाजूला हात घातला.

"रबर फाटून पार दोन तुकडे झालेत. अन् मध्ये काहीतरी कोंबलंय." त्याने ओढून काढलं. तेलाने काळं झालेलं, जळकट वासाचं, विटेएवढं काहीतरी. "लोकरीचा नमदा आहे, वहिनी. घड्या घालून शिवलेला. कोणाची ही अक्कल? काही महिने इंजिन गप्प बसतं याच्यावर, मग तेल पिऊन लोळागोळा होतो."

म्हणजे हात लागला होता. अनारकानला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. हा सेईलच्या नवऱ्याचा उद्योग, तिने मनात ठरवून टाकलं. एस्केनच तो. गळक्या छपरालाही गोंद लावणारा माणूस. सेईल बिचारीला काय माहीत.

ती तो ठोकळा रॉकेलच्या डब्यात बुडवून चोळत बसली. तशी काही गरज नव्हती. काळं सुटत गेलं तसा खालून निळा रंग वर आला, आणि निळ्यावर लाल, मेंढ्याच्या वळलेल्या शिंगाच्या नक्षीचा अर्धा तुकडा.

तुरार वाकून बघत म्हणाला, "हा तर तुमच्या घरातला शिरदाक. तीच नक्षी."

"माझा नाही. माझ्यात लाल जमिनीवर निळी शिंगं आहेत."

शिरदाक, म्हणजे नमद्याचं नक्षीदार जाजम, नेहमी जुळंच जन्मतं. लाल नमद्यावर निळा ठेवायचा, दोन्हींतून एकदमच सुरी फिरवायची, आणि यातली शिंगं त्यात बसवायची. त्या हिवाळ्यात दोघी नव्या सुना होत्या. सासवांची नजर चुकवून अनारकानने सुरी धरली होती, सेईलने कडा. मग एक जाजम हिच्या घरी गेलं, एक तिच्या. सेईल सांगायची, तिचं तिने लेकीच्या लग्नात दिलं, आता जावयाच्या घरी मानाच्या जागी पसरलंय. अनारकान त्या लग्नात रडली होती. थोडी लेकीसाठी, थोडी जाजमासाठी.

अजूनही एस्केनवर ढकलता आलं असतं. बायकोला न विचारता पुरुष काय काय कापतात. पण नमदा वाळला तसे कडेचे टाके दिसू लागले. बारीक, एकसारखे, आणि सगळे उलटीकडे कललेले. सेईल डावखुरी. गल्लीत तसा टाका दुसऱ्या कोणाचा नव्हता. घड्या सरकू नयेत म्हणून तिने चारही बाजूंनी दोरा ओढून घेतला होता, वर मधोमध एक आडवा टाका. हात कुठेही चोरलेला नव्हता.

"वहिनी, बोल्ट कुठले आधी?"

"आधी सगळे नुसते अडकवा. इंजिन खाली बसू द्या. मग आवळा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

दुपारी सेईल आली. हातात कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची बाटली. दूध अनारकानने दिलेल्या त्याच घोडीचं.

"अगं, तू काय ड्रायव्हरची बायको झालीस की ड्रायव्हरच? नाकाला ग्रीस लागलंय. लाव, लाव, तेवढंच तुझं नाक लहान दिसतं." बोलत बोलत ती नेहमीसारखी थेट आतल्या भिंतीकडे गेली, मानाच्या जागेकडे. या घरात तिला कोणी कधी 'बस' म्हटलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती.

तिथे, लाल शिरदाकाच्या बरोबर मधोमध, कागदावर तो निळा ठोकळा ठेवला होता.

सेईल उभीच राहिली. मग मागे फिरली आणि दाराजवळ, सुना बसतात तिथे बसली. बाटली मांडीवरच राहिली.

"एस्केनने कापलं," ती म्हणाली.

"आणि शिवलं कोणी?"

सेईलने बाटलीचं बूच पुन्हा घट्ट केलं.

"लेकीला काय दिलंस मग?"

"बाजारचा गालिचा. तिलाच तो हवा होता. म्हणाली, नमद्याला वास येतो." सेईलने डोळे वर केले नाहीत. "शिरदाक नुसता गुंडाळून पडलेला. तुला देण्याआधीच्या हिवाळ्यात जीपशिवाय चाललं नसतं, अनार. मग तुझी घोडी मिळत होती... मला वाटलं, तू जपून चालवतेस. निघेल एखादं वर्ष."

"घाटात निघालं, सेईल. चढावर. माझ्यावर जीप उलटली असती तर तू रडायला सगळ्यात पुढे असतीस."

"असते," सेईल म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, आणि तेच अनारकानला सोसेना.

बाहेर तुरारने जीप सुरू केली. इतके महिने त्या धडधडीवरून दोघी एकमेकींशी ओरडून बोलायच्या. आता इंजिन चालू आहे की बंद, कान द्यावा लागत होता.

"परवा किती वाजता निघायचं?" सेईलने हळूच विचारलं.

अनारकानने चहाची किटली ओढली. माणसाने बसावं असं वाटत असलं की वाटीत चहा तळाशीच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो; भरली वाटी म्हणजे पिऊन निघा. सेईलला तर ती इतका थोडा द्यायची की सेईल म्हणायची, तुझ्याकडे तहानेनेच मरेन मी.

तिने वाटी काठोकाठ भरली, आणि न सांडता, दोन्ही हातांनी, दाराजवळ नेऊन तिच्यापुढे ठेवली.