कागदाएवढा थर

पातेल्यातल्या चॉकलेटचा पुन्हा गोळा झाला, तेव्हा पॉलिशवाल्याने गॅस बंद केला आणि कपाळाला हात लावला. जुन्या कपाटांवर आरशासारखी चकाकी आणणारा माणूस तो. पण स्वयंपाकघरात गेल्या अडतीस वर्षांत चहापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. तिथे बायकोचं राज्य होतं.

ती आता आतल्या खोलीत उशीला टेकून बसली होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला होता आणि नंतरच्या उपचारांनी तोंड आतून सोलवटून निघालं होतं. चार दिवस पाण्याच्या घोटांशिवाय पोटात काही नव्हतं. असंच चाललं तर पोटाला नळी लावावी लागेल, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. तिने मान हलवून साफ नकार दिला. घरी आल्यावर त्याने दूध विचारलं, सूप विचारलं, फळांचा रस विचारला. शेवटी तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं : 'आइस्क्रीम. आपलं, चॉकलेटवालं.'

आपलं म्हणजे तिचं. मुलगी लहान होती तेव्हा दर उन्हाळ्यात ती घरीच आइस्क्रीम लावायची, त्याचे ठोकळे कापायची, काड्या खोचायची आणि एकेक चॉकलेटमध्ये बुडवून काढायची. अर्धी गल्ली दारात उभी असे. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली आणि ते बंद पडलं. तो कामावरून यायचा, हात धुवायचा आणि आयतं एक उचलायचा. ते कसं करतात हे विचारावंसं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तो पातेलं घेऊन आत गेला. तिने चमच्याने गोळा दाबून पाहिला आणि लिहिलं, 'पाण्याचा थेंब गेलाय. भांडं कोरडं करा. दोन चमचे तेल.'

"चॉकलेटात तेल?"

तिने 'तेल' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली. वाद मिटवायची तिची हीच रीत. पूर्वी ती आवाजातून कळायची, आता रेघेतून.

पुढच्या खेपेला चॉकलेट छान पातळ झालं. विकतच्या आइस्क्रीमच्या ठोकळ्यात काडी खोचून त्याने तो उत्साहाने बुडवला आणि वर आली ती नुसती काडी. गरम चॉकलेटात आइस्क्रीम विरघळून गेलं होतं. ती काडी त्याने तिला नेऊन दाखवली, तशी ती बिनआवाजाची हसली. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं. मग लिहिलं, 'कोमट होऊ द्यायचं असतं. घाई तुमची जन्माची.'

तिसरं मात्र नजर लागावं असं झालं. जाड, काळंभोर, चकचकीत. तिने दात लावले, कवच तुटलं आणि त्याची कड आतल्या जखमेवर बसली. तिने ते बशीत ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तो ओट्याशी परत आला. पॉलिश जाड बसलं की काय करायचं, ते त्याला माहीत होतं. माल पातळ करायचा आणि हात हलका ठेवायचा. त्याने तेल वाढवलं, दगडासारखा कडक झालेला ठोकळा फ्रीझरमधून काढला, एकदाच बुडवला आणि झटकून निथळवला. थर असा बसला की खालचं आइस्क्रीम दिसत होतं.

"हे टोचायचं नाही," तो तिच्याजवळ बसत म्हणाला. "नुसतं ओठात धर. नाही जमलं तर राहू दे. मी नळीचं नाव काढणार नाही."

तिने ते ओठांत धरलं. कवच आवाज न करता खचलं आणि जिभेवर विरघळलं. तिला डोळे मिटून अर्धं खायला पाऊण तास लागला, तोवर तो तिच्या हनुवटीखाली बशी धरून होता.

त्यानंतर तो रोज करत गेला. हातातली कामं त्याने दुसऱ्याकडे पाठवून दिली. एखाद्या दिवशी ती अख्खं संपवी, एखाद्या दिवशी दोनदा जीभ लावून हातानेच पुरे म्हणे. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी तिने ओठ उघडलेच नाहीत. त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्याने आग्रह केला नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी, तो शेजारी बसलेला असताना, ती गेली.

मुलगी पोचली ती सगळं आटोपल्यावर. दोन दिवसांनी बर्फ काढायला तिने फ्रीझर उघडला, तर कागदात गुंडाळलेली सात आइस्क्रीम ओळीने ठेवलेली. तिने उभ्याउभ्याच एक तोंडात घातलं.

"बाबा, आईने कधी केली ही?"

"मी केली."

तिने हातातल्या आइस्क्रीमकडे नीट पाहिलं. आईचं चॉकलेट जाड असायचं, दाढेखाली धरून तोडावं लागायचं, हे तिला आठवत होतं.

"इतका पातळ थर? कसा काय जमला तुम्हाला?"

"होता होता जमला," तो म्हणाला.

तिचं खायचं थांबलं होतं आणि आइस्क्रीम काडीवरून ओघळू लागलं होतं. त्याने ओट्यावरची बशी उचलली आणि सवयीने तिच्या हनुवटीखाली धरली.