चारची किटली

"ब्रोन्यूसकाका, हा खडा टाकू का कचऱ्यात?" दाइवाने खणातून नखाएवढा स्फटिक काढून विचारलं.

"टाकून तर बघ. दे इकडे," म्हातारा म्हणाला.

विल्न्यूसच्या त्या प्रयोगशाळेत चव्वेचाळीस वर्षं लेझर हाताळून ब्रोन्यूस आज निवृत्त होत होता. दाइवा तिथली प्रमुख, त्याच्या लेकीच्या वयाची. खण आवरायला ती स्वतः आली होती.

स्फटिक गेनेने वाढवलेला, ब्रोन्यूसच्या बायकोने. तिला जाऊन दोन वर्षं झाली. एकवीस दिवस भट्टीपाशी बसून, बाळंतिणीला जपावं तसं भट्टीला जपून तिने तो वाढवला, आणि ब्रोन्यूसने त्याला नापास केलं. लेझरचा रंग कणाकणाने बदलत न्यायचा आणि स्फटिक कुठल्या रंगाचा किती प्रकाश गिळतो ते टिपायचं, हे त्याचं काम. एका जागी आलेखात खळगा पडला. खळगा म्हणजे भेसळ. वरच्यांनी गेनेची भट्टी काढून घेतली आणि तिला काचसामान धुवायला बसवलं, ते पार निवृत्तीपर्यंत.

"माझा खडा स्वच्छ आहे रे," ती एकदाच म्हणाली होती, चहा ओतता ओतता.

"आकड्यांपुढे मी तरी काय बोलणार, बाई?" असं म्हणून त्याने कप पुढे केला होता. तेव्हा मोठा तोरा होता स्वारीला.

"जाता जाता एकदा मोजायचा का?" त्याने आता विचारलं.

नव्या लेझरला हात लावावा लागत नव्हता. पाच मिनिटांत पडद्यावर रेघ आली. सरळ, कुठे म्हणून डाग नाही.

"खळगा कुठे गेला गं?"

दाइवाने त्याची जुनी वही शेजारी धरली. "या जागी हवेतली वाफ प्रकाश खाते, काका. म्हणून तर आम्ही किरणाची वाट पेटीत बंद करून हवा कोरडी ठेवतो. तुम्ही आधी खडा न ठेवता रिकामी वाट मोजत नव्हता?"

"मोजायचो की. सकाळी आल्या आल्या."

"आणि हा खडा कधी मोजलात?"

वेळ वहीत त्याच्याच अक्षरात होती. चार वाजून दहा मिनिटं.

ब्रोन्यूस स्टुलावर टेकला. गेनेच्या खोलीतली सगळी वीज भट्ट्यांना लागायची, किटलीला प्लग उरायचा नाही. म्हणून चारचा चहा ती त्याच्या टेबलावर, किरणाच्या वाटेखालीच करायची. जागा तोच करून द्यायचा.

"पेटीचं झाकण काढ, पोरी. आणि किटली आण."

"राहू द्या ना, काका."

"आण म्हणतोय ना."

स्फटिक त्याने खिशात घातला. रिकाम्या वाटेखाली पाणी उकळू लागलं आणि पडद्यावरच्या रेघेत खळगा पडला. नेमका त्याच जागी.

त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही. मग डोळे पुसून वहीतला 'भेसळ' हा शब्द खोडला, वर 'स्वच्छ' लिहिलं, खाली 'चूक मोजणाऱ्याची' असं लिहून सही केली.

"पाणी उकळलंच आहे," दाइवा हळूच म्हणाली. "चहा घेता?"

सवयीने त्याने कप पुढे केला. तिने तो भरला, तरी त्याचा हात तसाच पुढे राहिला.