गप्प गाडी

"अहो, निकिताचा पट्टा आत जाईना. काहीतरी अडकलंय इथं," मागच्या सीटवरून उज्वला म्हणाली.

"राहू दे गं! मागे कोण बघतंय?" गाडी चालवता चालवता संतोष घाईघाईने म्हणाला.

चांदवडला मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. एरवी उज्वला पुढे बसायची. आज लेकीजवळ, मागे, स्वतःचा पट्टा लावून बसली होती. तिने खटका दाबून ओढलं, तर हातात पट्ट्याचं नुसतं लोखंडी टोक आलं. त्याला पट्टाच नव्हता! ते निघालं आणि गाडी टिंगटिंग वाजायला लागली.

दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ लखन याच रस्त्यावर अपघातात गेला होता. मागे बसलेला, पट्टा न लावता. त्याला गाडीतून बाहेर काढलं ते संतोषनेच. म्हणून तर नवी गाडी आली तेव्हा तिने एवढं एकच मागितलं, की पोरगी मागे पट्ट्याशिवाय बसणार नाही, आणि संतोषने निकिताच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. ओझरला कामावर जाताना तो रोज निकिताला शाळेत सोडायचा. उज्वला फॉल-पिकोच्या दुकानातून फोन लावायची. गाडी वाजत नाही, म्हणजे पोरीने पट्टा लावलाय, असं समजून बिचारी निवांत मशीनवर बसायची. आणि हा शहाणा!

"हे कधीपासून?"

"अगं, ही एक मिनिट नीट बसत नाही. वर ते टिंगटिंग, डोकं उठतं नुसतं. बाजारात सर्रास मिळतं ते. सगळेच लावतात."

"लखनला तुम्हीच उचललंत ना हो?"

संतोषने गिअर बदलून पुढचा ट्रक ओलांडला.

उज्वला लेकीकडे वळली. "आणि तू गं? रोज फोनवर सांगायचीस, आई, पट्टा लावलाय म्हणून?"

नऊ वर्षांची निकिता फ्रॉकची लेस चाळवत म्हणाली, "पप्पांनी सांगितलेलं तसं म्हणायला. खरं सांगितलं की तू रडत बसतेस."

नवऱ्याचं एक वेळ तिने गिळलं असतं. पण पोरीलाही फितवलं याने! दोघं मिळून रोज सकाळी तिला वेड्यात काढत होती.

तिने निकिताचा पट्टा ओढून लावला. टिंगटिंग थांबलं.

"आई, लावलाय ना आता," निकिता हळूच म्हणाली.

"हो बाळा."

तरी तिने हात पुढे करून खटका चाचपला. पिंपळगाव मागे पडलं, गाडी गप्प होती. चांदवड येईपर्यंत उज्वलाने तिथला हात काढला नाही.