टेबलाच्या पायाखालची अक्षरं

मी एक जुनी फ्लॉपी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंही नसेल. तळहाताएवढी, काळी, चौकोनी. पोटात एक पातळ चकती. आता फार बोलवत नाही, पण एकदा सांगून मोकळी होते.

पुण्याच्या एका दुकानात माझ्यात मराठी फॉन्ट भरला. फॉन्ट म्हणजे संगणकाला मराठी अक्षरं दाखवता यावीत म्हणून केलेली सोय. माझ्याकडे गोष्ट नव्हती, पत्र नव्हतं, नुसती अक्षरं होती. मला घेतलं अण्णासाहेबांनी. ते कालव्यावर पाटकरी होते. शेताशेतांत पाणी सोडण्यात त्यांची उभी हयात गेली. "लोहचुंबकापासून जपा," असं दुकानदार म्हणाला, तर अण्णांनी मला रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि दिल्लीला पोचेपर्यंत दर स्टेशनाला खिसा चाचपला. इतके लाड पुढे माझे कोणीच केले नाहीत.

नोएडाच्या एका नव्या सोसायटीत, तळमजल्यावर, त्यांची मुलगी कल्पना राहायची. जावई उल्हास सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने फॉन्ट संगणकात चढवला आणि माझं काम दहा मिनिटांत संपलं. मग चार हिवाळे अण्णा तिथे येऊन आपल्या कालव्याच्या आठवणी सांगत राहिले आणि कल्पना टाइप करत राहिली. "वाच बघू पुन्हा," म्हणायचे, आणि स्वतःचंच बोलणं डोळे मिटून ऐकायचे. माझ्यावर आधी चहाचा कप आला. मग टेबलाचा एक पाय आखूड निघाला, म्हणून मी त्या पायाखाली गेले. वर माझ्या अक्षरांत अण्णांचं आयुष्य उमटत होतं आणि खाली मी टेबल पेलत होते. राग आला का? आला. पण मित्रांनो, रागाचाही पुढे कंटाळा येतो.

पाचव्या हिवाळ्यात अण्णा आले नाहीत. दिवाळीआधीच ते गेले. त्यांच्या पाठोपाठ संगणकही आजारी पडला. मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्या राजवीरने तपासून सांगितलं, "भाभीजी, सब साफ करके नए सिरे से डालना पड़ेगा. जो पर्सनल है अभी बता दो, बाद में मत बोलना."

कल्पनाने फोटो दाखवले, दहा वर्षांच्या लेकीचे, सुखदाचे, शाळेचे प्रोजेक्ट दाखवले. मग म्हणाली, "और ये 'अण्णा' वाला फोल्डर. बाकी कुछ जाए तो जाए, ये नहीं जाना चाहिए. इसकी छपी हुई कॉपी भी नहीं है."

राजवीरने सगळं दोन सीडींवर उतरवलं, एकेक फाइल मोजून घेतली. चकचकीत सीड्या मऊ फडक्यात ठेवल्या गेल्या. अक्षरं कुणालाच आठवली नाहीत. ती तर घरचीच, ती कुठे जाणार?

संगणक पुसला, नवा केला. कल्पनाने अण्णांची फाइल उघडली आणि तिचा चेहराच उतरला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं होती. पानामागून पान तसंच.

"ये क्या कर दिया आपने?" तिचा आवाज चिरकला.

"फाइल पूरी है, भाभीजी. फॉन्ट उड़ गया. उसकी फ्लॉपी होगी न?"

खण उपसले गेले. उल्हासला ऑफिसात फोन झाला. "अगं, तिथेच असेल यार, टेबलावर," तो म्हणाला. शेवटी सुखदा टेबलाखालून ओरडली, "आई, इथे एक आहे. ही चलेगी क्या?"

मी धुळीने भरले होते, एका कोपऱ्यात चेपले होते. कल्पनाने मला ओढणीने पुसलं. पहिल्या खेपेला ड्राइव्ह नुसता घरघरला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला होतं नव्हतं ते बळ मी लावलं, आणि अक्षरं वर गेली.

कल्पना रडत रडत मोठ्याने वाचू लागली, "'पाणी आलं की आधी शेवटच्या वाफ्याकडं जायचं. जवळच्याला काय, मिळतंच.'"

सुखदाने खांद्यावरून डोकावून विचारलं, "आई, वाफा म्हणजे क्या?"

कल्पना वाचायची थांबली. अक्षरं तर सगळी जागेवर होती. पण या पोरीला तो शब्द मघाच्या डॉलरच्या चिन्हांइतकाच परका होता. ते दुरुस्त करणं माझ्या हातात नव्हतं. कल्पनाने सुखदाचा हात धरला, पाण्याचा मग घेतला आणि दोघी खिडकीखालच्या मातीत जाऊन बसल्या.

मित्रांनो, त्या तिसऱ्या खेपेत माझी चकती ओरखडली. आता मला कोणीच वाचू शकणार नाही, आणि खरं सांगायचं तर फार वाईटही वाटत नाही, थकले आहे. कल्पनाने मला पुन्हा रुमालात ठेवलं आहे. पण तुम्ही काही जपाल तेव्हा नुसत्या फायली मोजू नका. त्या कशाने वाचल्या जातात तेही जपा, आणि वाचणाऱ्यालाही.

त्या दिवशी खिडकीतून आवाज येत होता. आईने बोटाने मातीत चार वाफे आखले होते, आणि सुखदा मग कलता धरून विचारत होती, "आधी शेवटच्या वाफ्याकडे ना?"